‘हात कापल्यामुळे’

रविवारी सकाळी दहा वाजता जेवणाच्या टेबलावर नऊ वस्तू होत्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, चिमटा, टेबललॅम्प, वकीलबाईंच्या दोन फायली, विमा कंपनीचं पत्र, काम सोडल्याचा पिवळा पडलेला दाखला आणि एक अर्धा फोटो. मोजपट्टीने त्या दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा नऊच भरल्या. दहावी वस्तू अजून यायची होती, आणि ती आली नाही तर बाकीच्या नऊंचा काही उपयोग नव्हता.

मोजपट्टी हे नाव तिला आत्याने पाडलेलं. सहा वर्षांची असताना तिने घरातल्या सगळ्यांची नाकं मोजून वहीत लिहिली होती, आणि आत्याचं नाक सर्वांत लांब निघाल्यावर ते चारचौघांत वाचून दाखवलं होतं. आता ती पंचवीस वर्षांची होती, पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती, पण घरात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे.

“येतील ना गं?” आत्याने चौथ्यांदा विचारलं. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवून ठेवले होते. ते सुटे ठेवले की कापत. चहाचा कप ती अर्धाच भरून घेई.

“काकूंचा फोन आला होता. निघालेत म्हणाल्या.”

“तिने आणला असेल तर खरं.”

शुक्रवारी मुदत संपत होती. आत्या अकरा वर्षं थर्मामीटरच्या कारखान्यात, पारा भरायच्या खोलीत होती. हात कापायला लागले ते तिथे असतानाच. पण ते पाऱ्याच्या वाफेने, हे तिला कळलं तीन वर्षांपूर्वी, एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता सहज विचारलं की तरुणपणी काम काय करत होता, तेव्हा. तोवर कोणी अशक्तपणा म्हटलं होतं, कोणी नसतं मनाला लावून घेतेस म्हटलं होतं. दुखण्याचं कारण कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा, असा कायदा. तीन वर्षांपैकी बरीचशी, दावा लावायचा कुणावर हे शोधण्यातच गेली होती. कारखाना बंद होऊन बावीस वर्षं झालेली. कंपनीचं नाव सरकारी नोंदणीतून काढून टाकलेलं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, कायद्याच्या लेखी ती मेली, आणि मेलेल्याला कोर्टात उभं करता येत नाही. पण तिने विमा उतरवला होता. कामामुळे कामगाराला इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी ज्या विमा कंपनीने घेतली होती ती जिवंत होती, चांगली धडधाकट होती, सहा मजली इमारतीत बसत होती. अशा वेळी दावा थेट तिच्यावर लावता येतो. फक्त आत्या कामावर होती त्या काळात पॉलिसी होती, एवढं आपण दाखवायचं.

विमा कंपनीच्या पत्रात तीन मुद्दे होते. त्या वर्षांच्या पॉलिसीची नोंद आम्हाला सापडत नाही, हा पहिला. असलीच, तरी तुमच्याच दाखल्यावर लिहिलं आहे की ‘सदर कामगाराने हात कापल्यामुळे काम सोडले’. म्हणजे काच लागून झालेली जखम, तिचा थरथरीशी काय संबंध, हा दुसरा. आणि तिसरा, अशी थरथर वयाने येते, पुष्कळदा घराण्यातच असते.

“तीन दारं आणि तिन्हींना कुलूप,” बाबा म्हणाले होते.

पहिल्या कुलपाची किल्ली मोजपट्टीला पंधरा दिवसांपूर्वी आत्याच्या भिंतीवर दिसली. आजोबांच्या निवृत्तीचा फोटो. आजोबा पारा भरायच्या खोलीचे मुकादम, मोठे काका हजेरी मांडणारे टाइमकीपर, आत्या पारा भरणारी. एकाच घरचे तिघं म्हणून फोटोग्राफरने ऑफिसात आजोबांना खुर्चीत बसवलं होतं आणि मुलाला नि मुलीला मागे दोन बाजूंना उभं केलं होतं. दोघांच्या डोक्यांमधून मागच्या भिंतीवरची एक मोठी चौकट दिसत होती. म्हणजे दिसायला हवी होती. आत्याच्या फोटोत अर्धीच दिसत होती, कारण फोटोच अर्धा होता.

भांडण झालं की बोलणं बंद करायच्या आधी फोटो कापायचे, ही या घराची जुनी खोड. अल्बममध्ये एका लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा फक्त पंजा उरला आहे, नवरीच्या खांद्यावर. आजोबांच्या फोटोच्या तीन प्रती होत्या. बाबांची घर बदलताना हरवली. आत्याने आपल्या प्रतीतून मोठ्या काकांना काढून टाकलं, आठ दिवसांनी काकूंनी आपल्या प्रतीतून आत्याला. आत्याकडे उरली ती आत्या, आजोबांचा डावा खांदा आणि चौकटीचा उजवा अर्धा भाग. त्या अर्ध्या भागात भिंगाखाली अर्धा नांगर दिसला होता, आणि त्याखाली पॉलिसी नंबरातले तीन आकडे. नांगर म्हणजे त्या विमा कंपनीचं चिन्ह. विम्याचं प्रमाणपत्र कामगारांना दिसेल असं भिंतीवर लावावं लागतं, हे वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मोजपट्टीला रात्रभर झोप आली नव्हती.

त्या कापाकापीला एकतीस वर्षं झाली होती. लग्नाकार्यात, मयताला दोन्ही घरं एका मांडवाखाली येत, पण दोन टोकांना बसत.

सव्वादहाला बेल वाजली. मोठे काका आत आले, छताकडे बघून म्हणाले, “पंखा आवाज करतोय,” आणि मोजपट्टीने दाखवलेल्या खुर्चीत बसले. खुर्च्या तिने मुद्दाम अशा मांडल्या होत्या की काका आणि आत्या एका रेषेत येणार नाहीत. काकू मागून आल्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक नळी होती, ती त्यांनी मांडीवर आडवी धरली.

“दहा,” मोजपट्टी मनात म्हणाली.

बाबा सगळ्यांना चहा विचारत सुटले. ते तिघांतले धाकटे, दोघांच्या भांडणात टपालवाल्याचं काम करून करून त्यांना बोलताना आधी हसायची सवय लागली होती. प्रवास कसा झाला, गुडघे कसे आहेत, हे सगळं विचारून झालं. वकीलबाई टेबलाच्या टोकाला फाइल उघडून बसल्या होत्या.

“फोटो आमच्या हातातून सुटणार नाही, हे आधीच सांगते,” काकू वकीलबाईंना म्हणाल्या. “बघा, हवा तर फोटोचा फोटो काढा. पण डिंक-बिंक लावून जोडायचा नाही. आणि आधी वन्संनी त्यांचा ठेवावा.”

“माझा सकाळपासून टेबलावरच आहे, वहिनी,” आत्या म्हणाली. “नळीत घालून आणण्याइतका मोठा नाही तो.”

“तुम्ही ज्याला कापलंत ना, तो उंच होता. म्हणून मोठा.”

वकीलबाई हसू दाबायला फाइलमध्ये बघू लागल्या. मोजपट्टीने एक कोरा कागद पसरला, त्यावर पट्टीने उभी रेघ मारली आणि सांगितलं की कोणी कुणाच्या आधी ठेवायचा नाही, दोन्ही एकदम येतील, रेघेच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. काकूंनी नळीतून फोटो काढला. आत्याने आपला दोन्ही हातांनी धरला, आणि तो कागदावर पोचेपर्यंत वाऱ्यावर धरल्यासारखा हलत होता. काकूंनी त्या हातांकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांनी ते बऱ्याच वर्षांनी पाहिले असावेत. त्यांनी आपली कड सोडून आत्याच्या तुकड्याचं टोक बोटाने दाबून धरलं, तेव्हा कुठे तो स्थिर झाला.

दोन तुकड्यांमध्ये बारीक फट ठेवली तेव्हा आजोबांचं शरीर जुळलं. मग खुर्ची जुळली. मग वर, दोन डोक्यांच्या मध्ये, नांगर पुरा झाला.

“दिवा इकडे. बाबा, हलू नका, टेबल हलतं.” मोजपट्टी भिंगावर वाकली. तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली, तिने ती पुसली. “डावीकडे चार, सात, शून्य. उजवीकडे आठ, तीन, एक.”

“चार सात शून्य आठ तीन एक,” बाबा लिहीत म्हणाले. “झालं की.”

“थांबा.” तिने पट्टी लावली. आकडे छापाच्या यंत्राने मारलेले होते, एकसारख्या अंतरावर, फोटोत एका आकड्याला दीड मिलिमीटर. शून्यापासून आठापर्यंत मात्र तीन. “मध्ये एक आकडा गेलाय. दोन्हीकडून कापताना मधली चिंधी निसटली.”

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? मी पट्टी ठेवून, कात्रीने, सरळ कापलाय. वाकडंतिकडं त्यांनी कापलंय.”

“एक आकडा,” आत्या म्हणाली. आवाजात एकदम थकवा आला. “म्हणजे नाहीच.”

पण वकीलबाई उभ्या राहिल्या होत्या. बाई चाळिशीच्या, गोलमटोल, एरवी प्रत्येक वाक्याला ‘पण’ लावणाऱ्या. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि एका दमात सांगितलं की एक आकडा म्हणजे दहा शक्यता. पत्रात ते म्हणतात, शोधलं पण सापडलं नाही. आता आपण त्यांना शोधायच्या दहाच जागा देणार, फोटोच्या मागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का आहे तो देणार, आणि त्यांचा स्वतःचा नांगर देणार. तारीख आत्या काम सोडण्याच्या दोन वर्षं आधीची आहे. कुठल्याही न्यायाधीशासमोर आता ‘सापडत नाही’ म्हणून दाखवा म्हणावं.

“म्हणजे पहिलं दार?” बाबांनी विचारलं.

“किलकिलं झालं. पाय घालण्यापुरतं.”

बाबांनी टेबलावर थाप मारली आणि दोन्ही तुकडे उडाले. काकू आणि आत्या एकदमच ओरडल्या, “अहो भावजी,” आणि “अरे हळू,” आणि मग दोघींनी एकदमच आपापला तुकडा परत जागेवर सरकवला. मोजपट्टीला हसू आलं, पण तिची नजर फोटोवरून निघेना. आकड्यांवरून ती घसरून कडेवर आली होती.

“काकू, तुमची कड सरळ आहे. आत्या, तुझी नाही. बघ, लाटा आहेत. वरपासून खालपर्यंत.” तिने भिंग कडेवरून हळूहळू खाली नेलं. “सारख्या लाटा आहेत. कशाने कापलास हा?”

“ब्लेडने.”

“कधी?”

“दाखला हातात पडला त्याच दिवशी. संध्याकाळी. स्वयंपाकाच्या ओट्यावर.”

मोजपट्टी सरळ झाली. तिचे कान लाल झाले होते. ती भराभर बोलू लागली, इतकी की बाबांना दोनदा ‘हळू’ म्हणावं लागलं. विमा कंपनी म्हणते थरथर वयाने आली. आत्याचं वय त्या दिवशी पस्तीस होतं. आणि तिचा हात त्या दिवशी कसा चालत होता ते या कडेवर उमटलेलं आहे, जसं भूकंपाच्या यंत्राच्या कागदावर उमटतं तसं. ही कड काल-परवा कापलेली नाही हे कुणालाही दिसेल, तिचा पांढरा भाग पिवळा झालाय. पण त्याच दिवशी कापली, हे सांगणारं कोणी पाहिजे.

“ओट्याशी मी एकटीच होते,” आत्या म्हणाली.

काकूंनी घसा साफ केला. “दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले होते त्यांच्याकडे. डबा परत द्यायला. कचऱ्याच्या टोपलीत हे पडलेले होते,” त्यांनी काकांकडे हनुवटी उडवली, “डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. तारीख पाठ आहे माझी. म्हणून तर आठव्या दिवशी मी कात्री घेतली. लिहून हवं असेल तर लिहून देते.”

“कोर्टात सांगाल?” वकीलबाईंनी विचारलं.

“कुठेही सांगेन. त्यांनी माझ्या नवऱ्याला केरात टाकलं, हे मी एकतीस वर्षं सांगतेच आहे. आता त्याचा त्यांनाच उपयोग होतोय, तर होऊ दे.”

आत्या पहिल्यांदाच हसली. बाबांनी पुन्हा चहा टाकला. मोठे काका मात्र आल्यापासून पंख्यापलीकडे बोलले नव्हते. त्यांच्यासमोर तो पिवळा दाखला होता, त्यांच्याच वळणदार अक्षरातला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की काकांना शब्दांचा नाद. वर्तमानपत्र आलं की आधी शब्दकोडं. वकीलबाईंनी दाखला त्यांच्याकडे सरकवला आणि विचारलं, हे तुम्ही लिहिलं?

“मीच. टाइमकीपर मीच होतो.”

“‘हात कापल्यामुळे’ म्हणजे काय?”

काकांनी दाखल्यावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. “शब्द बरोबर आहे,” ते म्हणाले.

“दादा,” आत्या म्हणाली. एकतीस वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदा हाक मारली, आणि ती टेबलाला सांगितल्यासारखी मारली. “माझ्या हातावर एक ओरखडा नव्हता. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी नाही. काच लागली असं खोटंच लिहिलंस तू. साहेबाला खूश करायला.”

“मी काच कुठे लिहिलंय?”

“मग कापला म्हणजे?”

“थंडीत हात कापतो, तेव्हा काय काच लागते?”

स्वयंपाकघरात चहा उतू गेला, त्याचा वास आला, बाबा जागचे हलले नाहीत. मोजपट्टीने दाखला ओढून घेतला आणि तोच शब्द, जो तिने पन्नास वेळा वाचला होता, पुन्हा वाचला. कापणे. सुरीने कापणे. भीतीने कापणे. सकाळपासून या टेबलावर तोच शब्द दोन्ही अर्थांनी चालला होता आणि कुणाला ऐकू आला नव्हता.

मग काका बोलले, आणि एकदा बोलू लागल्यावर थांबले नाहीत. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की तुमच्या बहिणीकडून नळ्या फुटतात, तिला कमी करायचं आहे, दाखल्यावर कारण लिहा. काकांनी ‘हात थरथरतात’ असं लिहून नेलं. साहेबांनी तो कागद फाडला. म्हणाले, हा शब्द दिसला की कागद डॉक्टरकडे जातो, डॉक्टरकडून विम्याकडे जातो, आणि मग खोलीतल्या सगळ्याच बायकांचे हात बघतात. लिहा, काच लागून हात कापला. काका म्हणाले, मी खोटं लिहिणार नाही. साहेब म्हणाले, मग दोन दाखले लिहावे लागतील, एक तिचा, एक तुमचा.

“दुपारभर बसलो,” काका म्हणाले. “मग हा शब्द सापडला. साहेबांनी वाचला, त्यांना त्यात काच दिसली. मी म्हटलं, चिमणी वाचेल तेव्हा तिला बरोबर कळेल. तिला माझ्यासारखीच शब्दांची आवड होती.”

चिमणी म्हणजे आत्या. हे नाव मोजपट्टीने कधी ऐकलंही नव्हतं.

“एकतीस वर्षं,” आत्या म्हणाली. “शब्दकोडं घालून बसलास, आणि मला सांगितलं नाहीस की हे कोडं आहे.”

“तू फोटो कापलास. मग मी काय सांगणार?”

“तोंड होतं ना? मी फोटो कापला होता, जीभ नव्हती कापली तुझी.”

बाबांनी सवयीने मध्ये काहीतरी बोलायला हसून सुरुवात केली, पण काकूंनी त्यांना हातानेच गप्प केलं. त्या काकांकडे अशा बघत होत्या जसं दुकानदाराने नेहमी एक किलो म्हणून नऊशे ग्रॅम दिलं असं आज कळावं. “मला काय सांगितलं होतंत? बहिणीला कारखान्यातून काढलं, तो राग तिने उगाच माझ्यावर काढला. उगाच. आणि मी मूर्खासारखी कात्री घेतली.” त्यांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आत्याच्या शेजारी आणून ठेवली आणि बसल्या. “वकीलबाई, यांचं म्हणणं लिहून घ्या. शब्द न् शब्द.”

काका एवढ्यावर तयार होईनात. त्यांचं म्हणणं, हे लिहून दिलं की पुढचं सगळं निघणार. खोलीत पारा सांडायचा तो कसा गोळा करायचे, कोण सांगायचं, आणि मग अण्णांचं नाव येणार. अण्णा म्हणजे आजोबा. नव्या मुलींच्या तळहातावर पाऱ्याचा थेंब ठेवून ‘बघ चांदी कशी पळते’ म्हणून दाखवणारे तेच. जमिनीवरच्या गोळ्या केरसुणीने ओढायला सांगणारेही तेच. मेलेल्या बापाला मी कोर्टात ओढणार नाही, असं काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला.

“अण्णा स्वतः केर काढायचे, दादा,” आत्या म्हणाली. “आम्ही थकलो की आमच्या हातातली केरसुणी घ्यायचे. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं? मला अण्णांचा राग नाही. होता तो तुझाच होता.” तिने दाखल्यावर बोट ठेवलं. “मला एवढंच कुठेतरी लिहिलेलं हवंय की माझे हात मी भित्री म्हणून कापत नव्हते. दुसरं काही नको.”

वकीलबाईंनी समजावलं की दावा मुकादमावर नाही, कंपनीने मुकादमाला काय शिकवलं नाही त्यावर आहे. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“लिहा,” ते म्हणाले. “टाइमकीपर म्हणून मी असे नमूद करतो की, ‘कापणे’ हा शब्द मी थरथरणे या अर्थी, जाणूनबुजून वापरला. ‘जाणूनबुजून’ राहू द्या. तो महत्त्वाचा आहे.”

पुढचा पाऊण तास वकीलबाई लिहीत होत्या आणि काका सांगत होते, मध्येच आत्या दुरुस्ती करत होती, खिडक्या दोन होत्या की तीन, हिवाळ्यात त्या खिळे मारून बंद करायचे ते कोणत्या साहेबाच्या वेळी. दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करू लागली आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. बाबांनी तिसऱ्यांदा चहा केला. मोजपट्टीला बसवेना, ती टेबलाभोवती फेऱ्या मारत होती. दुसरं दार उघडलं होतं. उरलं तिसरं. वयाचा मुद्दा फोटोच्या कडेने उडवला होता. पण घराण्याचा होता तसाच उभा होता.

“ते तर सोपं आहे,” तीच म्हणाली. “एका आईबापाची तीन मुलं इथेच बसली आहेत.”

डॉक्टरीणबाईंनी दिलेला तपासणीचा कागद तिच्याकडे होता. त्यावर गोगलगाईच्या शंखासारखी दुहेरी रेघांची वाट छापलेली. आतून सुरुवात करून, हात टेबलाला न टेकवता, दोन रेघांच्या मधून पेनाने बाहेर यायचं. पेन किती वेळा काठाला लागतं ते मोजायचं. कोर्टात डॉक्टरांकडूनच रीतसर तपासणी करून घ्यावी लागेल, असं वकीलबाईंनी बजावलं, पण त्याही खुर्ची पुढे ओढून बसल्या. बाबांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. आत्याच्या पगारावर ते शिकले, हे ते कुणी न विचारता सांगत. त्यांनी जीभ दातांत धरून रेघ काढली. मग आत्याने काढली. तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ काकूंनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.

“आता मी,” काका म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. इतका मोकळा आवाज त्यांचा दिवसभरात आला नव्हता. “मी चिमणीपेक्षा पाच वर्षांनी मोठा. पाऱ्याला बोट लावलेलं नाही कधी. माझा हात बघा म्हणजे त्या विम्यावाल्यांना कळेल घराणं कसं आहे ते.”

“तुमचं ऑफिस कुठे होतं, काका?” मोजपट्टीने विचारलं.

“बरोबर खोलीच्या वर. लाकडी जमीन होती. हिवाळ्यात काय छान, खालची ऊब फळ्यांच्या फटींतून वर यायची. तेवीस वर्षं कधी स्वेटर घालावा लागला नाही.” ते पेन शोधू लागले. “हिच्याकडे असतं पेन. कोडी मी सांगतो, अक्षरं हीच भरते. माझे डोळे आताशा बारीक चौकटींत नीट लागत नाहीत.”

काकूंनी पेन दिलं. काकांनी ते धरलं, हात टेबलावरून उचलला आणि शंखाच्या मध्यावर टेकवला. रेघ निघाली. ती बाहेरपर्यंत आल्यावर काकांनी पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला, ते तिसऱ्या वेळी लागलं.

मोजपट्टीने तिन्ही कागद दिव्याखाली ओळीने मांडले. भिंग घेतलं, प्रत्येक वाट आतून बाहेर मोजली, आकडे लिहिले, आणि मग बाहेरून आत पुन्हा मोजली. दोन्ही वेळा तेच भरलं.

पेन काठाला लागलं ते असं. बाबा, दोन वेळा. आत्या, एक्केचाळीस. काका, अडतीस.